दारेम वेळेवर आला

दारेम कधी कुठे वेळेवर पोचला, असं कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी रास्ता पेठेत कुणाचा विश्वास बसला नसता. येरुशा झिराडकरच्या आईला मूठमाती दिली त्या दिवशीसुद्धा हा आला तेव्हा कबरस्तानाचं फाटक लागलं होतं आणि माणसं पांगली होती. मयताला रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून हा शहाणा घरी पाव भाजत बसला होता! घामाघूम होऊन, गरम पावांचं फडकं छातीशी धरून तो रस्त्यात उभा राहिला आणि लहान पोरासारखा रडला.

"ताई, आई माझ्यासाठी थांबली नाही," म्हणाला.

येरुशाला त्या दिवसातलं पहिलं हसू तेव्हा आलं, आणि हसता हसताच तिचा बांध फुटला.

दारेम तिच्या घराच्या तळमजल्यावर पावाची भट्टी चालवायचा. सारवेन नावाच्या डोंगराळ देशातून जीव मुठीत धरून आलेला माणूस. जातीनं मेहुरी. मेहुरींना देऊळ नाही, मूर्ती नाही, पोथी नाही. गावच्या झऱ्यापाशी एक अक्रोडाचं झाड असतं. आठवड्याच्या पहिल्या सकाळी सगळं गाव अनवाणी पायांनी त्याला फेऱ्या घालतं आणि गातं. झाला धर्म. एवढासा धर्म, पण तोही सरकारच्या डोळ्यांत खुपला. झऱ्याला कुंपण पडलं, फेरी बंद झाली, दारेमच्या धाकट्या भावाला उचलून नेलं तो परत आला नाही. दारेम खिंडीतून पळाला. बायको निसा मागे राहिली, कारण लहानपणी मोडलेला तिचा डावा पाय नीट बसलाच नव्हता आणि खिंड तिला चढवली नसती. "मागाहून नेतो," म्हणाला होता. त्याला आता कितीतरी वर्षं झाली होती.

येरुशाच्या आईनं त्याला पहिल्याच दिवशी घरचा करून टाकला. "आपणही असेच कुठून तरी फुटलेल्या जहाजातून कोकणच्या किनाऱ्याला लागलो होतो रे बाबा," म्हणाली. बेने इस्राएल माणसं ती. रेवदंड्याकडे त्यांचा तेलाचा घाणा होता, आणि शनिवारी तो बंद असायचा म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. दर शुक्रवारी संध्याकाळी आई दिवे लावायची आणि दारेमचं ताट झाकून ठेवायची, कारण दारेम उशिरा येणार हे दिव्यांनाही ठाऊक होतं.

आता येरुशाच्या नोकरीविषयी सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खातं.

त्या काळात जगाची एक मोठी पंचाईत होऊन बसली होती. कुठल्या देशात कुणाला आपल्या देवाचं नाव घेता येतं आणि कुणाला येत नाही, हे खात्रीनं कळायला मार्गच उरला नव्हता. सरकारं म्हणायची, आमच्याकडे सगळे सुखात आहेत. पळून आलेले म्हणायचे, आमची कत्तल चाललीय. दोन्हीकडून चित्रफिती यायच्या आणि दोन्हीकडच्या घरबसल्या यंत्रानं बनवलेल्या असायच्या. जळणारं प्रार्थनाघरही खोटं, आणि त्याच्या अंगणात नाचणारी पोरंही खोटी. डोळ्यांवरचा विश्वास उडाला तेव्हा माणसांनी जमिनीला कान लावला.

पाषाणच्या टेकडीवर 'श्रद्धास्वातंत्र्य निरीक्षण केंद्र' होतं. तिथल्या यंत्राचं नाव भूकर्ण. इंटरनेटसाठी सगळ्या जगात जमिनीखालून काचेचे केसाएवढे धागे गेलेले आहेत. अशा धाग्यात एका टोकानं लेसरचा ठोका सोडला की बहुतेक प्रकाश पुढे निघून जातो. पण काच कितीही शुद्ध म्हटली तरी तिच्या अंगात बारीक खोडी असतातच, आणि प्रत्येक खोडीवरून थोडासा प्रकाश मागे फिरतो. वरून कुणी चाललं की जमीन किंचित दबते, धागा किंचित ताणला जातो, आणि परत येणाऱ्या प्रकाशाच्या लाटा तेवढ्याच किंचित सरकतात. ते सरकणं मोजलं की वर काय चाललंय ते कळतं. शब्द ऐकू येत नाहीत. वजन आणि लय तेवढी येते. ट्रक, गुरं, पाऊस सगळं बाजूला काढून भूकर्ण माणसांची पावलं निवडायचा. शेतावर निघालेली पावलं वेगळी, बाजारातली वेगळी, आणि देवाभोवती फिरणारी वेगळी. पावलांवरून माणूससुद्धा ओळखता यायचा, कारण दोन माणसं सारखी चालत नाहीत. पण केंद्राचा नियम कडक होता: समूह ऐकायचा, माणूस शोधायचा नाही.

"माणूस खोटं बोलतो, जमीन बोलत नाही," असं केंद्राच्या प्रमुख केळुसकरबाई म्हणायच्या, आणि जग ते मानायचं. केंद्राच्या अहवालावर देश एकमेकांशी भांडायचे, आश्रय द्यायचे, काढून घ्यायचे. जगाचा विश्वास बसावा म्हणून कशाला किती गुण तेही केंद्रानं उघड करून ठेवलं होतं. माणसं किती जमतात, कितीदा जमतात आणि नेमानं जमतात का. हा नेमाचा मुद्दा येरुशाचा. ज्याला भीती नाही तो नेमानं जातो, असं तिनंच लिहिलं होतं, आणि तेव्हा तिचं फार कौतुक झालं होतं.

आई गेली त्या हिवाळ्यात सारवेनच्या धाग्यातून पावलं येऊ लागली. झऱ्यापाशी, आठवड्याच्या पहिल्या सकाळी, गोल गोल. येरुशा श्वास रोखून ऐकत राहिली. पुढच्या आठवड्यात पुन्हा. त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा. कितीतरी वर्षं मुकी पडलेली जमीन बोलायला लागली होती. आणि त्या पावलांच्या गर्दीत एक पाऊल पूर्ण पडत होतं आणि एक अर्धं.

नियम तिला पाठ होता. तरी तिनं ती चाल वेगळी काढली, फोनमध्ये घेतली, आणि भर दुपारी भट्टीत येऊन दारेमपुढे धरली.

"काय आहे?"

"ऐक तर आधी."

दारेमनं पिठाचे हात तसेच हवेत धरले. पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मग तो फोनवर वाकला.

"थट्टा करू नको हं, ताई."

"थट्टा करीन मी असली?"

"निसा आहे ही. हात कंबरेवर ठेवून चाललीय. डोक्यावर पाणी नसलं की अशीच चालते." तो मटकन पोत्यावर बसला. "जिवंत आहे. अगं, जिवंत आहे ती!"

त्या दिवशीचे पाव करपले आणि गिऱ्हाइकांनी ते हसत हसत नेले, कारण पाववाला प्रत्येकाला सांगत होता की माझी बायको चालतेय.

थोड्याच दिवसांत सारवेन सरकारनं जाहीर केलं, मेहुरींनी घरी परत यावं, कुणाला काही होणार नाही. केंद्राचा अहवालही निघाला. 'परिस्थिती समाधानकारक. फेरी नियमित.' खाली येरुशाचं नाव.

दारेम तो अहवाल घेऊन वर आला. शुक्रवार होता आणि अर्थातच जेवणं होऊन गेली होती.

"ताई, मला सरकारचं नको सांगू. यंत्राचंही नको सांगू. तू सांग. झरा खरंच उघडलाय?"

येरुशानं त्याच्या डोळ्यांत पाहिलं. तिला वाटत होतं की आई असती तर किती खूष झाली असती. "उघडलाय," ती म्हणाली. "मी स्वतः ऐकलंय. डोळे मिटून जा."

"मग जातो."

"पोचलास की कळवशील कसं? तिकडचे फोन तर..."

दारेम हसला. "तुझी जमीन आहे ना. मी फेरीला जाईन. आणि सगळे फिरत असताना जो मागून धावत येईल, तो मी. ओळखशील?"

"न ओळखायला काय झालं? रोज तुझ्या टाचा ऐकतेय मी या जिन्यावर."

निघाला त्या दिवशी त्याची गाडी चुकली. बोचकं घेऊन ओशाळा होऊन परत आला, तेव्हा सगळी गल्ली पोट धरून हसली. देवानं एक दिवस जास्तीचा दिला होता. येरुशानं त्याच्या प्रवासासाठी मलिदा केला, पोहे, खोबरं, साखर, फळं घालून, आईसारखाच. एलियाहू नबीचं नाव घेऊन त्याला पोटभर वाढला. थांब म्हणाली असती तर थांबला असता. पण ती कशाला म्हणेल? दुसऱ्या दिवशी तिनंच त्याला लवकर उठवून गाडीत बसवलं.

मग ती वाट पाहू लागली. एक आठवडा गेला, दुसरा गेला. डोंगरातली वाट, उशीर व्हायचाच, त्यातून हा दारेम. मग एका सकाळी तिनं कानाला यंत्र लावलं, झऱ्यापाशी पावलं जमली, निसाचं अर्धं पाऊल आलं, आणि तिच्या मागे एक चाल सुरू झाली. टाच जराशी घासत टाकलेली. जिन्यावरची.

येरुशा खुर्चीतून उठलीच. पोचला! तिनं टाळी वाजवली, शेजारच्या टेबलावरच्या मुलीला मिठी मारली. मग ती पुन्हा बसली आणि पुन्हा ऐकलं.

तो धावत आला नव्हता. मागून आला नव्हता. पहिल्या पावलापासून तो सगळ्यांबरोबर रांगेत होता. दारेम वेळेवर आला होता.

तिनं मागच्या सगळ्या फेऱ्या काढल्या आणि पहिल्यापासून ऐकल्या. आता तिला काय शोधायचं ते माहीत होतं. एकही माणूस उशिरा आलेला नव्हता. एकदाही नाही. एकही पोर पुढे पळालं नव्हतं, एकही म्हातारी दम खायला थांबली नव्हती, कुणी मध्येच घरी गेलं नव्हतं. सगळे एका क्षणी सुरू आणि एका क्षणी बंद. इतक्या नेमानं कुणी देवाकडे जात नाही. इतक्या नेमानं माणसं फक्त हाकलली की जातात.

तिला तिच्या गावचे सॅम्सनकाका आठवले. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. गावात उरलेच होते दहा, आणि दहावे सॅम्सनकाका. सगळे तिष्ठत बसायचे, आजोबा घड्याळाकडे बघून चडफडायचे, बायका कुजबुजायच्या, आणि काका सायकलची घंटी वाजवत निवांत यायचे. "देव कुठे पळून जातोय काय?" म्हणायचे. लहानपणी तिला त्यांचा राग यायचा. आता तिला कळलं, त्या सायकलच्या घंटीत सगळं होतं. उशिरा यायची मुभा होती, न यायची मुभा होती, म्हणून येण्याला अर्थ होता. जन्मभर हे डोळ्यांसमोर असून तिनं गुण दिले ते नेमाला! आणि ते गुण उघड करून ठेवले, म्हणजे ज्याला सोंग काढायचं त्याला सोंगाचा कागदच हातात दिला.

"माती खाल्ली मी, बाई," केळुसकरबाईंच्या खोलीत ती म्हणाली. "मीच धाडलं त्याला. डोळे मिटून जा म्हणाले."

केळुसकरबाईंनी तिला पाणी दिलं. त्या कोरड्या बाई होत्या, पण वाईट नव्हत्या. "येरुशा, 'कुणी उशिरा येत नाही' हा पुरावा होतो का?"

"जगभरची प्रार्थनास्थळं ताडून पाहू या."

त्यांनी पाहिलं. देवळातली काकड आरती, शुक्रवारची नमाज, रविवारची मिस्सा, गुरुद्वारा, विहार, ज्या ज्या ठिकाणी माणसं मोकळी आहेत असं पक्कं ठाऊक होतं ती सगळी. बाईंना शेवटी हसू आलं. "काय गं हे! देव कुठलाही असो, भक्त आपले उशिराच!" मग त्यांचं हसू मावळलं, कारण काही थोड्याच जागा अशा निघाल्या जिथे कुणीही, कधीही उशिरा आलं नव्हतं, आणि सारवेनचा झरा त्यात होता.

"छापायचं," येरुशा म्हणाली. "चूक झाली म्हणून छापायचं. इथल्या निर्वासितांच्या छावणीतले मेहुरी महिनाअखेर परत निघालेत. आपल्या भरवशावर."

"आणि तुझा दारेम? सोंग उघडं पडलं की सोंगात उभ्या केलेल्या माणसांची गरज संपते. मग त्यांचं काय करतात, माहीत आहे तुला."

येरुशाच्या कानांत जिना वाजत होता.

"शिवाय," बाई हळूच म्हणाल्या, "काय बघून ओळखलं ते सांगावं लागेल. पद्धत उघड ठेवायची हाच आपला नियम. उद्या ते उशीरही शिकतील."

येरुशानं दोन दिवस अन्न घेतलं नाही. आईच्या फोटोपुढे बसून राहिली. गप्प बसावं तर सगळी छावणी त्या रांगेत जाऊन उभी राहणार. बोलावं तर दारेम आणि निसा. कुठलंही पारडं उचललं तरी खाली माणसंच होती. आणि दारेमनं काय सांगितलं असतं, ते तिला पक्कं माहीत होतं, म्हणून तर रडू आवरत नव्हतं. तिसऱ्या दिवशी तिनं अहवाल लिहिला. 'आमचा पूर्वीचा निष्कर्ष चुकीचा होता. फेरी सक्तीची आहे. मोकळ्या समाजात काही माणसं उशिरा येतात. येथे कोणी येत नाही.' खाली आपलं नाव घातलं.

छावणीतली तुकडी थांबली. एक मेहुरी म्हातारी हुडकत हुडकत बंद भट्टीपाशी आली आणि तिनं येरुशाचे दोन्ही हात डोळ्यांना लावले. येरुशाला तिच्याकडे बघवेना.

त्यानंतर सारवेनची जमीन मुकी झाली. आठवड्याची पहिली सकाळ यायची, झऱ्यापाशी वारा असायचा, पाणी असायचं, पाऊल नसायचं. रेवदंड्याला घाणा थांबला की गावाला कळायचं, तेली आपल्या देवाकडे गेले. हा थांबलेला घाणा कशामुळे थांबला, हे जमीन सांगत नव्हती. शुक्रवारी येरुशा दिवे लावायची आणि एक ताट झाकून ठेवायची. सकाळी तेच अन्न भट्टीबाहेरच्या मांजराला घालायची. "उशीर झाला असेल," मांजराला सांगायची.

हिवाळा सरला, उन्हं तापायला लागली, आणि एका सकाळी झऱ्यापाशी पावलं वाजली.

येरुशानं यंत्र दोन्ही हातांनी कानावर दाबून धरलं. फेरी सुरू झाली. निसाचं पूर्ण पाऊल, अर्धं पाऊल. जिवंत होती! पण तिच्या मागे कुणी नव्हतं. फेरी अर्धी झाली, येरुशाच्या डोळ्यांना धार लागली, आणि तेवढ्यात लांबून, गावाच्या वाटेवरून, धावत येणारी पावलं आली. टाच घासत. धापा टाकत असल्यासारखी. आली, आली, आणि रांगेत शिरली.

"आला!" येरुशा ओरडली. "मेला, उशिरा आला!"

सगळं केंद्र तिच्याभोवती गोळा झालं. त्या फेरीत एक पोरही पुढे पळालं, एक म्हातारी दम खायला थांबली, सगळं कसं मोकळं मोकळं. कुणीतरी पेढे आणायला धावलं. येरुशा रडत होती, हसत होती, सांगत होती की तो म्हणालाच होता, मी मागून धावत येईन, ओळखशील म्हणून. केळुसकरबाई दारात उभ्या होत्या. त्या पुढे आल्या नाहीत, पेढाही त्यांनी हातातच ठेवला.

"पुढचा आठवडा येऊ दे, येरुशा," एवढंच म्हणाल्या.

तो आठवडा येरुशानं भट्टी झाडून काढण्यात घालवला. पोती उन्हात टाकली, परात घासली. बाईंचं बोलणं तिनं मनाला लावून घेतलं नव्हतं असं नाही, पण आशा फार चिवट असते.

पुढच्या आठवड्यात फेरी सुरू झाली. अर्धी झाली. निसाचं अर्धं पाऊल झाडाच्या पलीकडे गेलं आणि वाटेवरून दारेमची पावलं धावत आली. मागच्या खेपेला जिथून आली होती तिथूनच. जिथे रांगेत शिरली होती तिथेच शिरली. तेच पोर पुढे पळालं. तीच म्हातारी त्याच जागी थांबली.

येरुशानं दोन्ही आठवडे एकावर एक ठेवून पाहिले. मग कानावरचं यंत्र काढलं आणि टेबलावर ठेवलं.

त्यानंतर दर आठवड्याला ती ऐकते. तेवढं तरी तिच्या हातात आहे. तो जिवंत आहे, निसाच्या मागे चालतो आहे, इतकं खरं. पुढच्या आठवड्यातही दारेम उशिरा आला. अगदी वेळेवर, उशिरा आला.